दारातला ट्रक खडखडतोय? पत्रा काढून टाकू नका!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या दारात ट्रक उभा असतो? हसू नका. नोकरदारांच्या वसाहतीत स्कूटर आणि मोटार दिसते हे खरं, पण आपल्या सातारा-सांगलीकडे ज्यांची चूल जुन्या ट्रकवर, टेम्पोवर किंवा पिकअपवर पेटते अशी घरं पुष्कळ आहेत. कुणाचा ऊस वाहणारा, कुणाचा मार्केट यार्डात पोती टाकणारा, कुणाचा वाळू-विटांचा. गाडी यजमानांची, हप्ता बँकेचा आणि काळजी मात्र आपली.

आता मला सांगा, ही गाडी पहाटे चालू होते तेव्हा तिचा आवाज खरा ऐकतं कोण? चालवणारा केबिनमध्ये बसलेला असतो, शेजारी गाणी लागलेली असतात. आपण दूध तापवत ओट्याशी उभ्या असतो आणि खिडकीतून सगळं ऐकू येत असतं. कुकरची तिसरी शिट्टी कोणती आणि चौथी कोणती हे ज्या कानांना न मोजता कळतं, त्या कानांना गाडीच्या पोटाखालची नवी खडखड कळणार नाही होय?

आमच्याकडे ती खडखड दिवाळीच्या सुमारास सुरू झाली. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. गाडीही माझ्यासारखी सांगलीहूनच आलेली. जुनीच घेतली होती, चौथ्या की पाचव्या मालकाकडून. इकडून कोरेगावकडचा घेवडा भरून न्यायचा, तिकडून सांगलीच्या बाजारातली हळद किंवा तासगावचा बेदाणा आणायचा, असा फेरा. एके दिवशी सकाळी गाडी चालू झाली आणि पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज आला. गाडी हलली, वेग घेतला की आवाज गप्प. चौकात थांबली की पुन्हा सुरू. सासूबाई देवपूजेला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, गाडी कुरकुरतेय. तिला काहीतरी दुखतंय." ह्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, "जुनी गाडी आहे आई, वाजणारच."

चार दिवसांनी हे गाडी एका गॅरेजात घेऊन गेले. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की सायलेन्सरवरचा पत्रा सुटलाय. एका बाजूचा बोल्ट गळून पडला होता. "काढून टाकतो साहेब, कटकट मिटली," असं म्हणून त्यानं पत्रा उपसून भंगारात टाकला. पैसेही घेतले नाहीत. हे खूश, मीही खूश. आवाज थांबला होता ना!

तिसऱ्या फेरीनंतर गाडी दारात उभी होती. हळदीची पोती उतरवून झाली होती आणि मी सवयीनं हौदा झाडायला चढले. सांडलेली हळद वाया घालवायची नाही, ही आपली खोड. झाडता झाडता एका फळीवर झाडू अडला. बघते तर पोळीएवढा काळा डाग. फळी वरून कोळसली होती, नखानं खरवडली तर भुगा निघत होता. त्या जागी ठेवलेल्या पोत्याचं बूडही तपकिरी झालेलं. मी वाकून फळीखाली पाहिलं. बरोबर सायलेन्सरच्या वरची जागा.

त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. आदल्याच आठवड्यात धाकटा मुलगा शाळेच्या सुट्टीत वडिलांबरोबर त्याच गाडीतून सांगलीला आजीकडे गेला होता.

म्हणून हा लेख. हा पत्रा असतो कशासाठी, तो का सुटतो आणि सुटला तर काय करायचं, हे मी त्यानंतर दोन मिस्त्रींना आणि एका जाणत्या ड्रायव्हरला विचारून, स्वतः गाडीखाली डोकं घालून शिकले.

पुस्तकात ह्या पत्र्याला हीट शील्ड म्हणतात. आपल्याकडे नुसतं 'सायलेन्सरवरचा पत्रा' म्हटलं की कळतं. काम अगदी साधं. इंजिनातला तापलेला धूर ज्या नळीतून बाहेर जातो, ती नळी आणि तिच्या आजूबाजूच्या जळणाऱ्या वस्तू ह्यांच्यामध्ये उभं राहायचं. भात दमाला ठेवताना आपण पातेल्याखाली तवा सरकवतो, तसंच. मात्र एक फरक नीट लक्षात ठेवा. हा पत्रा नळीला चिकटून नसतो, थोडं अंतर राखून असतो. त्या फटीतली हवा हीच खरी राखण करते. पत्रा आच परतवतो, फटीतून वारा वाहतो आणि वरची फळी निवांत राहते.

आच किती असते म्हणाल, तर पुऱ्या तळताना कढईतलं तेल साधारण १८० अंश सेल्सिअसला असतं. भरल्या ओझ्यानं चढ चढणाऱ्या डिझेल गाडीच्या इंजिनातून निघणारा धूर चारशे-पाचशे अंशांपर्यंत जातो. सायलेन्सरपर्यंत येता येता तो निवतो, पण निवला तरी कढईच्या तेलाहून गरम राहू शकतो. वाळलेलं गवत, पाचट, कडबा ह्यांना अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास पेट घ्यायला पुरतं. आणि लाकडाचं तर असं आहे की त्याहून कमी आचेवरही ते रोज थोडं थोडं भाजत राहिलं की कोळसत जातं, आणि कोळसलेलं लाकूड पुढे लवकर पेटतं. आमच्या फळीचं तेच चाललं होतं. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट चढून वर आलेली गाडी धाब्यावर लगेच बंद करून उभी करतात ना, तेव्हा सगळ्यांत जास्त जपायला हवं. चालत्या गाडीला वारा तरी लागतो. उभी केली की वारा थांबतो आणि सायलेन्सरची सगळी धग वर चढते.

शिवाय वर फक्त फळ्याच नसतात. त्याच बाजूनं कुठे डिझेलची नळी जाते, कुठे ब्रेकची रबरी नळी, कुठे वायरी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की धुराच्या नळीचा कुठलाही भाग इंधनाच्या नळीपासून ३५ मिलीमीटरच्या आत असता कामा नये. म्हणजे जेमतेम दोन बोटं! नवीन गाडी कारखान्यातून निघते तेव्हा हे सगळं मोजूनमापून बसवलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांत चार मिस्त्रींचे हात फिरले की कुठली नळी कुठून कुठे गेली, हे देवच जाणे.

पत्रा सुटतो तो बहुतेक गंजानं. तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं, वर चिखलाचे फवारे घ्यायचे. पातळ पत्रा किती सोसणार? बोल्टाभोवतीचं भोक मोठं होत जातं आणि एक दिवस पत्रा बोल्ट सोडून देतो. आमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या पट्टीमागे तर वाळलेल्या काळ्या गाळाचा थर सापडला. सांगलीकर मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा शहरात शिरली, तेव्हा माणसांबरोबर गाड्याही पाण्यात गेल्या. पुढे त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून, रंग देऊन विकल्या गेल्या. वरून झकास, पोटाखाली गंज. सांगली, मिरज, कराड ह्या बाजूची जुनी गाडी घेणार असाल तर रंगाला भुलू नका. ओणवं होऊन सायलेन्सर बघा, पत्र्याच्या फटीत गाळ आहे का बघा. मुलगी बघायला आलेली मंडळी जेवढं निरखतात तेवढं तरी निरखाच!

आता आवाजाची पारख. गाडी उभी असताना मंद चालू ठेवली की खडखड आणि जरा वेग दिला की बंद, किंवा उलट एका ठरावीक वेगालाच किणकिण, तर बहुतेक पत्राच. पण आवाज 'फस् फस्' असा येत असेल, थंड गाडी चालू करताना जास्त येत असेल आणि जोडाजवळ काजळी दिसत असेल, तर ते दुखणं वेगळं. तिथे नळीच फुटली आहे किंवा जोडातून धूर गळतो आहे. हा धूर केबिनमध्ये शिरला तर त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळणं, पेंग येणं ही त्याची लक्षणं. लांबच्या फेरीहून आल्यावर यजमान रोज डोकं दुखतंय म्हणत असतील तर बाम चोळण्याआधी गाडीची नळी तपासून घ्या. मूल केबिनमध्ये झोपतं तेव्हा तर ही शंका ठेवाच. आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून कुणी खाली काम करत असेल तर त्याला आधी बाहेर ओढा.

पत्राच वाजतोय का, हे कळायला लाटणं लागतं. हो, लाटणंच! मोडकं, टाकाऊ घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड झालेल्या गाडीखाली वाकून सायलेन्सरवरच्या पत्र्याला चारी बाजूंनी हलकेच टकटक करा. घट्ट बसलेला पत्रा बद्द वाजतो, सुटलेला खुळखुळतो. कुठल्या कोपऱ्यात खुळखुळतो ते लगेच कळतं. त्याआधी गाडी सपाट जागी हवी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये टाकलेली, चाकांना पुढून-मागून मोठे दगड, आणि किल्ली तुमच्या कमरेला. नाहीतर तुम्ही खाली आणि चिरंजीव वर बसून गाडी चालू करताहेत, असं व्हायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली पुरुषानंही शिरू नये, आपण तर नाहीच नाही. जुन्या ट्रकखाली वाकून बघण्याइतकी जागा असतेच. वरून गंजाचे कण डोळ्यांत पडतात म्हणून चष्मा लावा, हातात जाड मोजे घाला. पत्र्याची कड विळीसारखी कापते. आणि इंजिन चालू असताना जवळ जायचंच झालं तर पदर, ओढणी, वेणी घट्ट खोचून; पुढचा पंखा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

आता दुरुस्ती. नुसता बोल्ट गळला असेल तर नवा बोल्ट आणि त्याखाली रुंद वॉशर घालायचा. भोक मोठं झालं असलं तरी रुंद वॉशर ते झाकतो. कढईचा कान हलायला लागला की आपण रिबिटाखाली चकती घालून घेतोच ना! गंजलेला जुना बोल्ट हटत नसेल तर गाडी थंड असतानाच त्यावर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर मुरू द्यायचं. पण मग ते पुसून काढायला विसरू नका, आणि तेलाचं फडकं तिथेच कोंबून ठेवू नका. मी एका गाडीत ते पाहिलं आहे, म्हणून सांगते.

भोकाभोवतीचा पत्राच खाऊन गेला असेल तर लोखंडी क्लिप वापरतात. पाण्याच्या पंपाच्या पाइपाला स्क्रूनं आवळायची गोल पट्टी असते, तीच, पण मोठ्या मापाची आणि स्टेनलेस स्टीलची. हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि किलोभर शेंगदाण्यांइतकीही महाग नसते. नळी आणि पत्रा दोन्हींना मिळून ती वेढायची आणि स्क्रू आवळायचा. पण इथेच हात आवरायचा बरं का. पत्रा वाजायचा थांबला की पुरे. जोर लावून आवळलात तर पत्रा नळीला चिकटेल, मधली फट जाईल, आणि मग पत्रा असून नसल्यासारखाच.

सुतळी, प्लास्टिकची पट्टी, एम-सील ह्यांच्या वाटेला जाऊ नका. पहिल्याच फेरीत वितळतील नाहीतर जळतील. बांधकामाची लोखंडी तार अडीअडचणीला चालते, पण ती घरापर्यंत पोचायला. 'नंतर बघू' म्हणून बांधलेली तार वर्षभर तशीच राहते, हा आपल्याकडचा रिवाज.

पत्रा पार सडला असेल तर नवा बसवायचा. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चांगला मिळून जातो, नाहीतर मिस्त्री नवा कापून देतात. कापून घेत असाल तर छपराचा जस्ताचा पत्रा नको म्हणा. वेल्डिंग करताना त्यातून जस्ताचा धूर निघतो आणि करणाऱ्याला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. तो मिस्त्रीही कुणाचा तरी घरधनी असतो. आणि वेल्डिंग डिझेलच्या टाकीजवळ असेल तर ते मुळीच घरी नको, गॅरेजातच, आधी बॅटरीची वायर सुटी करून.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. काही फार जुन्या गाड्यांच्या नळीला करड्या-पांढऱ्या रंगाची जाड दोरी गुंडाळलेली असते. ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसात गेली तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तशी दोरी दिसली तर ओढू नका, खरवडू नका, झाडूनं झटकू नका. जाणत्या माणसाकडून ओली करून काढून घ्या आणि त्या दिवसाचे कामाचे कपडे न झटकता, वेगळे भिजवा. गाडीचे कपडे धुणाऱ्या आपणच असतो, म्हणून हे आपल्याला कळायला हवं.

उसाच्या गाड्या असणाऱ्यांना दोन शब्द जास्तीचे. हंगामात गाडी थेट फडात शिरते. खाली गुडघाभर वाळलेलं पाचट, वर तापलेला सायलेन्सर. शिवाय कारखान्याच्या रांगेत तासन् तास इंजिन धुगधुगत ठेवायचं. पत्र्याच्या फटीत पाचटाच्या काड्या अडकून बसतात आणि तिथेच वाळतात. गाडी थंड असताना आठवड्यातून एकदा त्या काठीनं काढाव्यात. गव्हाच्या सुगीत ऑस्ट्रेलियातले शेतकरीसुद्धा गाडीच्या पोटाखाली साचलेला पेंढा काढत असतात, वणव्याच्या भीतीनं. आपल्याकडे कडब्याच्या गाडीला आग लागली की सगळे वरच्या विजेच्या तारेकडे बोट दाखवतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण खाली वाकून कुणी बघतं का?

धूर दिसलाच तर गाडी बाजूला, इंजिन बंद, माणसं खाली, मग सामान. बॉनेट एकदम उघडू नका, वारा मिळून भडका उडतो. डिझेल पेटलं असेल तर पाणी ओतू नका, ते जळतं तेल पसरवतं. कोरड्या पावडरचं अग्निशामक किंवा माती-वाळू. ११२ ला फोन. केबिनमधल्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे आज संध्याकाळीच बघून घ्या. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. त्याच्या आधीचा आठवडा ही सगळी कामं काढायला चांगला.

"पण बायकांनी गाडीखाली जायचं?" असं कुणी म्हणेल. आमच्याकडेही म्हटलं गेलं. मला गंमत वाटते. कूपरांनी साताऱ्यात नांगर आणि डिझेल इंजिनं केली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच वाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं. म्हणजे लेथचा आवाज आणि बायकांचं मासिक ह्या मातीत शेजारी शेजारीच वाढले. मग आपल्याला पान्याचं वावडं का असावं? सगळी दुरुस्ती आपणच करावी असं मी म्हणत नाही. मीही क्लिप मिस्त्रीकडूनच आवळून घेतली. पण "वहिनी, काढूनच टाकू या की," असं दुसराही मिस्त्री म्हणाला, तेव्हा मी त्याला हौद्यातली ती काळी फळी दाखवली. तो काही बोलला नाही. गुपचूप पत्रा शोधायला गेला.

आमच्या गाडीला आता जुन्या बाजारातला पत्रा बसला आहे, दोन क्लिपा आहेत आणि कोळसलेली फळी बदलली आहे. पहिल्या सकाळी गाडी चालू झाली तेव्हा सासूबाईंनी माळ थांबवून कान दिला आणि पुन्हा मणी ओढायला लागल्या. पंधरा दिवसांनी मी लाटणं घेऊन खाली वाकले. मागची क्लिप किंचित सैल झाली होती, तापून-निवून होतेच. स्क्रू अर्धा आटा फिरवावा लागला. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बघणार आहे.